दुखणं कमरेत नाही, खुब्याच्या बाजूला आहे

पत्र:

ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली. वय ४९. आमचं घर रस्त्यापासून खाली वाडीत आहे, मध्ये सत्तरएक पायऱ्यांची पाखाडी. यंदा लावणीच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून उजवी कंबर धरली. म्हणजे मागे नाही, बाजूला, जिथे कळशी टेकवतो तिथे. उजव्या कुशीवर झोपले की रात्री दोन-तीनदा जाग येते. पाखाडी चढताना पाय टाकला की कळ येते आणि लोक म्हणतात मी लंगडते. एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज सांगितली, नस दबली असेल म्हणाले. गावात एकांनी नस बसवून दिली, तेव्हापासून जास्तच दुखतं. कोणी म्हणतं खुबा गेला, ऑपरेशन लागेल. पोटऱ्या तर रोजच भरून येतात. धाकटा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. बारा दिवसांपूर्वी समुद्रावर शंभर मीटर पळताना त्याची मांडी मागून धरली, ती अजून दुखते. सासूबाईंना पाटावरून उठायला हल्ली हात द्यावा लागतो. पण आधी माझं सांगा. गणपतीत फुगड्या घालता येतील का?

उत्तर:

वहिनी, तुमच्या पत्रातले सगळ्यांत कामाचे शब्द म्हणजे ‘जिथे कळशी टेकवतो तिथे’. एक्स-रेपेक्षा त्या शब्दांनी मला जास्त सांगितलं. आपल्याकडे बरगड्यांच्या खाली आणि मांडीच्या वर जे काही दुखेल त्याला कंबर म्हणायची पद्धत आहे. माझ्या आईचं असंच दुखणं आम्ही सहा वर्षं ‘कंबर’ म्हणून काढलं. कमरेला पट्टा बांधला, कमरेला शेक दिला, आणि दुखत होतं ते वीतभर खाली. त्या सहा वर्षांची चुटपुट मला अजून आहे. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

आधी जागा नक्की करू. उभ्या राहा. परकराच्या नाडीपासून साधारण वीतभर खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला उजव्या हाताचा तळवा ठेवा. आता उजवी टाच जमिनीला टेकलेली ठेवून पाऊल आत-बाहेर फिरवा. तळव्याखाली हाडाचा एक उंचवटा सरकताना जाणवेल. तो मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेर आलेला भाग. तिथेच बोटाने दाबल्यावर ‘हेच ते’ असं वाटत असेल, तर दुखणं बहुधा त्या उंचवट्याला चिकटणाऱ्या स्नायूंच्या कंडरांचं आहे. कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी चिवट दोरी.

खुब्याचा खरा सांधा तिथून बराच आत, जांघेच्या खोलात असतो. सांधा झिजला तर बहुतेकांना जांघेत दुखतं, आणि पायाची नखं कापायला किंवा पाय उचलून परकरात घालायला त्रास होतो. मणक्यातली नस दबली तर कळ सहसा गुडघ्याच्या खाली, पावलापर्यंत उतरते आणि मुंग्या येतात. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. आणि मणक्यांच्या झिजेचं म्हणाल, तर २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. वयानुसार केस पिकावेत तशी ती झीज. तुमच्या एक्स-रेत ती दिसली म्हणून रात्रीची जाग तिच्यामुळेच येते असं ठरत नाही. अर्थात हाताने तपासल्याशिवाय शेवटचा शब्द मी देणार नाही. एकदा हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला ही बाजूची जागा बोट ठेवून दाखवा. ‘कंबर दुखते’ एवढंच सांगू नका.

आता हे स्नायू कोणते आणि करतात काय, ते सांगते. ते कळलं की काय टाळायचं हे निम्मं तुमचं तुम्हालाच सुचेल.

ढुंगणाला जो भरीवपणा आहे तो ग्लुटिअस मॅक्सिमस या स्नायूचा. कमरेच्या मोठ्या हाडाच्या मागच्या बाजूपासून, त्रिकास्थी म्हणजे कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड आणि त्याखालचं माकडहाड, यांच्यापासून तो निघतो. त्याचा काही भाग मांडीच्या हाडाला लागतो आणि बराचसा मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या जाड पट्ट्यात मिसळतो. मांडी मागे नेणं आणि बाहेर वळवणं हे त्याचं काम. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना तो फारसा राबत नाही. पाखाडी चढताना, पाटावरून उठताना, पळताना आणि वाकून सरळ होताना मात्र तोच लागतो. तुमचा हा स्नायू चांगला असणार. रोज सत्तर पायऱ्या चढणाऱ्या बाईचा तो चांगलाच असतो.

त्रास आहे तो त्याच्या पुढच्या, बाजूच्या दोघांना: ग्लुटिअस मीडिअस आणि त्याच्याखाली दडलेला ग्लुटिअस मिनिमस. कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या अंगावर हाताच्या पंख्यासारखे पसरून ते खाली अरुंद होत जातात आणि तुम्ही आत्ता चाचपलेल्या उंचवट्याला चिकटतात. पुस्तकात त्यांचं काम ‘पाय बाजूला उचलणं’ असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण दिवसभरात आपण पाय बाजूला उचलतो कितीदा? त्यांचं खरं काम उलट्या बाजूने चालतं. पाय जमिनीवर टेकलेला असताना वरचं कमरेचं हाड दुसऱ्या बाजूला कलू न देणं, हे ते काम. चालताना प्रत्येक वेळी एक पाय हवेत असतो. साध्या चालण्यात दहांतले सुमारे आठ भाग वेळ आपण एकाच पायावर असतो, आणि तेवढा सगळा वेळ त्या बाजूचा ग्लुटिअस मीडिअस ताणून धरलेला असतो.

कावड डोळ्यांसमोर आणा. खांदा म्हणजे खुब्याचा सांधा. कावडीच्या लांब बाजूला सगळं शरीर लटकलेलं आहे आणि आखूड बाजूला हा एकटा स्नायू. आखूड बाजूने तोल सांभाळायचा म्हणजे जास्त जोर लावावा लागणार. म्हणून एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. साठ किलोच्या बाईला दीडशे किलो. डोक्यावर भारा नसताना.

हा स्नायू थकला, दुखला किंवा कमजोर झाला की उजव्या पायावर भार देताना डावी कंबर खाली जाते. मग तोल सावरायला आपण नकळत धड उजवीकडे झुकवतो. लोकांना दिसतं ते लंगडणं हेच. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं, आणि आजही एका पायावर उभं करून पाहायच्या या तपासणीला त्यांचंच नाव आहे.

मग ते लावणीतच का धरलं? चिखलात पाय टाकला की तो रुततो. मागचा पाय काढायचा तर चिखल सोडत नाही. तो पाय वर खेचणारा स्नायू वेगळा, इलिओसोआस. तो पोटाच्या मागे, कमरेच्या मणक्यांपासून आणि कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगापासून निघतो आणि जांघेतून उतरून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला लागतो. मांडी वर उचलण्यात याच्याएवढं बळ दुसऱ्या कुणाचं नाही. पण तो एक पाय ओढत असताना दुसऱ्या पायाचा ग्लुटिअस मीडिअस एकटा सगळं शरीर पेलतो, तेही निसरड्यावर, आणि सुक्या वाटेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. त्यात लावणी मागे मागे सरकत करायची. दिवसात हजारो वेळा, सात-आठ दिवस सलग. बाकीचं वर्षभर त्या स्नायूला एवढ्या कामाची सवय नसते. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी त्याची दोरी कुरकुरली.

आणखी एक गोष्ट त्या दोरीला सोसत नाही: दाब. मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे झुकली की बाहेरचा तो जाड पट्टा कंडरेवर आवळला जातो आणि कंडरा पट्टा आणि हाड यांच्यामध्ये चेपते. कळशी कमरेवर घेताना आपण कंबर बाजूला काढतो ना? तेव्हा नेमकं हेच होतं. नातवंडाला कडेवर घेताना तेच, आणि रेशनच्या रांगेत एका पायावर भार टाकून रेलताना तेच. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पुढे अंथरुणावर पडला तरी तेच. दुखऱ्या कुशीवर झोपलं तर वरून गादीचाही दाब. ‘नस बसवताना’ त्या जागेवर अंगठ्याने जोर दिला असेल, तर दुखऱ्या कंडरेवर आणखी एक दाब पडला. पुन्हा तिथे जोराने चोळून घेऊ नका. हलका शेक चालेल.

हे दुखणं चाळिशी ते साठीच्या बायकांत फार आढळतं. तुम्हाला काही जगावेगळं झालेलं नाही. ऑपरेशनचं तर नावही आत्ता काढायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशाच दुखण्याच्या २०४ जणांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. एका गटाला काय टाळावं हे समजावून व्यायाम दिले, दुसऱ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, तिसऱ्याला नुसतं थांबून पाहायला सांगितलं. आठ आठवड्यांनी व्यायामाच्या गटात ७७ टक्क्यांना बऱ्यापैकी आराम होता, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्क्यांना आणि नुसत्या थांबणाऱ्यांत २९ टक्क्यांना. म्हणून कोणी लगेच सुई सुचवली तर आधी आठ आठवडे व्यायाम करून पाहते म्हणा.

आजपासून करायचं ते असं. झोपताना उताणं, किंवा डाव्या कुशीवर. डाव्या कुशीवर झोपलात तर गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये दुमडलेली गोधडी ठेवा, म्हणजे वरचा पाय खाली झुकणार नाही. पहिला फरक बहुतेकींना रात्रीच्या झोपेत पडतो. उभं राहताना दोन्ही पायांवर सारखा भार. भाजी चिरताना किंवा सुपारी सोलताना दोन्ही पाय एका बाजूला वळवून बसायची सवय असेल तर ती सध्या सोडा. सरळ मांडी घालून बसणं दुखत नसेल तर बसा, दुखत असेल तर खुर्ची घ्या.

कळशी कमरेवर बंद. पाणी दोन लहान बादल्यांत, दोन्ही हातांत सारखं. एकाच हातात ओझं घ्यायची वेळ आली तर ते दुखऱ्या बाजूच्या, म्हणजे तुमच्या उजव्या हातात घ्या. हे उलटं वाटेल, पण कावड आठवा. डाव्या हातातलं ओझं लांब बाजूला लटकतं आणि उजव्या खुब्याच्या स्नायूला आणखी ओढावं लागतं. उजव्या हातातलं ओझं त्यालाच मदत करतं. काठीचं बरोबर उलटं: पाखाडीवर काठी घेतलीत तर ती डाव्या हातात. दुखऱ्याच बाजूला काठी धरून वर्षानुवर्षं चालणारी माणसं मी पाहिली आहेत. तेवढा हात बदलला तरी त्यांच्या चालण्यात लगेच फरक दिसतो.

व्यायाम चार, आणि घाई न करता. पहिले दोन आठवडे: उताणं झोपून गुडघे वाकवा, गुडघ्यांच्या वर जुनी ओढणी बांधा आणि दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला ओढणीवर हलकेच रेटून दहा-पंधरा सेकंद धरा. पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. त्याच स्थितीत, ओढणी सोडून, कंबर वर उचलून खाली आणा, दहा वेळा. हे सोपं जाऊ लागलं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, गुडघे आत पडू न देता. चौथा महत्त्वाचा: ओटीच्या सर्वांत खालच्या पायरीवर उजवा पाय ठेवून सावकाश वर चढा, कंबर दोन्हीकडे समान आहे ना हे पाहा, आणि सावकाश उतरा. सुरुवातीला खांब धरा. व्यायाम करताना थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, पण त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नको. वाढलं तर संख्या निम्मी करा. सोडून मात्र देऊ नका. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी नाजूक होते, आणि पुढच्या वर्षीची लावणी तिला याहून जड जाईल.

पाखाडी बंद करू नका. फेऱ्या कमी करा. दिवसातून पाच वेळा वर जात असाल तर दोनदाच जा. चढताना आधी बरा पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना जास्त कष्ट पडतात, हे तुम्हाला गुडघ्यांनी सांगितलंच असेल. तिथे चार स्नायूंचा गट आहे, क्वाड्रिसेप्स. चौघे मिळून गुडघ्याच्या वाटीला आणि तिच्यातून नडगीच्या वरच्या टोकाला लागतात. गुडघा सरळ करणं हे त्यांचं काम. पण उतरताना ते ताणले जात असतानाच आवळून धरतात, गाडीच्या ब्रेकसारखे, म्हणून शरीर धपकन खाली येत नाही. बऱ्याच दिवसांनी डोंगर उतरलं की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळे. या चौघांतला एकच, रेक्टस फेमोरिस, खुब्याच्याही वरून निघतो, त्यामुळे तो मांडी उचलायलाही हात लावतो.

आता पोटऱ्या. वर दिसते ती दोन गोळ्यांची गॅस्ट्रोक्निमिअस, आणि तिच्याखाली रुंद, चपटी सोलिअस. दोघींची मिळून टाचेला लागणारी ती जाड दोरी म्हणजे अकिलीस टेंडन. टाच उचलून शरीर पुढे ढकलणं हे त्यांचं काम, आणि सोलिअस आवळली की पायांतलं रक्त वर हृदयाकडे रेटलं जातं. दिवसभर चिखलात राबून पोटऱ्या भरून येणं समजण्यासारखं आहे. रात्री पाय थोडे उंच ठेवा, पुरेसं पाणी प्या.

पण वहिनी, हे वाडीत सगळ्यांना वाचून दाखवा. लावणीच्या दिवसांत ताप आला आणि त्याबरोबर पोटऱ्या दाबल्यावर सहन होणार नाहीत इतक्या दुखू लागल्या, डोकं दुखतंय, डोळे लाल झालेत, तर तो कामाचा थकवा समजू नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो. उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून, पायांच्या चिरांतून तो शिरतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी शेतात चिखलात काम करते’ हे आपणहून सांगा. औषध लवकर सुरू झालं तर माणूस वाचतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत धोक्यात येतात. तापाशिवाय एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर तीही दाखवायची गोष्ट आहे. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. अशी पोटरी चोळायची नाही.

बेणणीला, भातातलं तण काढायला, तासन्‌तास उकिडवं बसता, त्याचंही सांगते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेवरून एक नस वळसा घालून जाते. ती नडगीच्या पुढच्या स्नायूला, टिबिआलिस अँटिरिअरला, हुकूम पोचवते. चालताना पावलाचा पुढचा भाग वर धरून ठेवतो तो हा स्नायू. फार वेळ उकिडवं बसलं की ही नस चेपते आणि पाऊल लुळं पडून चप्पल घासत चालावं लागतं. पाश्चात्त्य देशांत हे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत दिसलं, म्हणून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. आपल्या बेणणीचीही बैठक तीच. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, चार पावलं चाला. आणि उठल्यावर बऱ्याच वेळाने सुद्धा अंगठा वर उचलता येत नसेल तर डॉक्टरांकडे.

तुमच्या मुलाचं बघू. मांडीच्या मागे हॅमस्ट्रिंग्जचा गट असतो. बसताना जमिनीला टेकतात त्या दोन हाडांपासून ते निघतात आणि गुडघा ओलांडून खाली जातात: बाहेरच्या बाजूला बायसेप्स फेमोरिस, आतल्या बाजूला सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेंब्रेनोसस. ते गुडघा वाकवतात आणि मांडी मागे नेतात. दोन सांध्यांवरून जात असल्यामुळे पळताना त्यांची फार ओढाताण होते. पाऊल जमिनीला लागायच्या अगदी आधी नडगी पुढे झेपावत असते, तिला हे स्नायू पूर्ण लांबलेल्या अवस्थेत लगाम घालतात. वेगात पळताना धागे तुटतात ते बहुतेक त्या क्षणी, आणि बहुतेक वेळा बायसेप्स फेमोरिसच्या लांब भागाचे. म्हणूनच भरतीच्या १६०० मीटरमध्ये नाही, १०० मीटरमध्ये त्याला ते झालं.

त्याला सांगा, पाय कठड्यावर ठेवून जोराने ताणत राहायचं नाही. जखम भरायच्या आधी ताणली तर पुन्हा उसवते. बारा दिवस झालेत, तर दुखणार नाही इतपत चालणं, मग हलकं जॉगिंग. झोपून कंबर उचलायचा तुमचाच व्यायाम त्यालाही चालेल, नंतर एका पायावर. जॉगिंग अजिबात दुखेनासं झालं की निम्म्या वेगाने पळणं, काही दिवसांनी तीन चतुर्थांश, आणि शेवटी पूर्ण वेग. ही पायरी चुकवून जी मुलं भरतीच्या तारखेच्या धास्तीने थेट पूर्ण वेगाने पळतात, त्यांची मांडी पुन्हा धरते आणि दुसऱ्या वेळी भरायला जास्त वेळ लागतो. पूर्ण बरं झाल्यावर एक व्यायाम कायमचा धरू दे. गोधडीवर गुडघे टेकून बसायचं, कोणीतरी घोटे घट्ट धरायचे आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं, जमेल तेवढं रोखत, शेवटी हात टेकायचे. फुटबॉल खेळाडूंवरच्या अभ्यासांत या एका व्यायामाने मांडी धरण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पळायला ओहोटीची घट्ट ओली वाळू घेऊ दे, आणि जाताना-येताना दोन्ही दिशांनी. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने पळत राहिलं तर एक खुबा सतत खाली राहतो, आणि त्याचं काय होतं हे तुम्ही आता वाचलंच आहे. मांडी मागून काळीनिळी झाली असेल किंवा बसायच्या हाडापाशीच नेमकं दुखत असेल, तर मात्र घरी थांबू नका. दोरी हाडापासून सुटली आहे का ते पाहावं लागेल.

सासूबाईंना पाटावरून उठवतात ते ग्लुटिअस मॅक्सिमस आणि क्वाड्रिसेप्सच, आणि वयाबरोबर झडतात तेही हेच. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला त्यांना १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर बळ कमी झालंय असं समजा. त्यांना हात देणं थांबवू नका, पण खुर्चीवर दोन गोधड्या घालून उंची वाढवा आणि त्या उंचीवरून रोज आठ-दहा वेळा स्वतःहून उठू द्या. जमलं की एक गोधडी काढा. ताटात रोज मासे, अंडं किंवा कुळथाची पिठी असू द्या. म्हातारं माणूस नुसत्या पेजेवर राहिलं की मांड्या उतरतात. हे बळ थोड्या महिन्यांतच गेलं असेल तर ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. दोन्हींमुळे मांड्या ढिल्या पडतात, आणि दोन्हींवर उपाय आहे.

आता फुगड्या. नागपंचमीच्या दिवशी भिंतीजवळ उभ्या राहा, एक बोट भिंतीला टेकवा, डावा पाय उचला आणि उजव्या पायावर तीस सेकंद मोजा. मुलाला समोरून तुमची कंबर बघायला सांगा. बाजूला कळ न येता, कंबर न कलता तीस झाले तर गणपतीत उभ्या फुगडीचे दोन-तीन फेर खुशाल घाला. बसफुगडी यंदा नको. त्यात खुबा खोल दुमडून उड्या मारायच्या असतात, ते पुढच्या वर्षी पाहू. कळ वीस सेकंदांवर आली तर व्यायाम तसेच चालू ठेवा आणि पुन्हा हरतालिकेच्या आदल्या दिवशी मोजा. दोन्ही वेळचे आकडे मला लिहून कळवा.